सहा खुनी, एक जेलर आणि आटपाडीचं माळरान

१९५६ साली व्ही. शांतारामांचा कुणीही हेवा करावा असे दिवस होते. परळला ‘राजकमल कलामंदिर’ हा स्वतःच्या मालकीचा स्टुडिओ. पदरी पगारी कलावंत, तंत्रज्ञ, सुतार, रंगारी यांचा ताफा. आणि आदल्याच वर्षी आलेल्या ‘झनक झनक पायल बाजे’नं देशभर धुमाकूळ घातलेला. टेक्निकलरमधले झगझगीत रंग, गोपीकृष्णांचं कथक, वसंत देसाईंचं संगीत, संध्याबाईंचं नृत्य. फिल्मफेअरनं उत्कृष्ट चित्रपट आणि उत्कृष्ट दिग्दर्शक अशी दोन्ही बक्षिसं दिली, सरकारनं उत्कृष्ट हिंदी चित्रपट म्हणून गौरवलं. एवढं झाल्यावर धंद्यातला कुठलाही शहाणा माणूस काय करील? आणखी एक रंगीत नृत्यपट काढील. शांतारामबापूंनी काढला सहा खुनी कैद्यांचा चित्रपट. तोही कृष्णधवल. त्यातला नायक तुरुंगाचा अधिकारी, त्याला ना प्रेयसी ना गाणं, आणि ती भूमिका करणार वयाची पंचावन्न वर्षं ओलांडलेले खुद्द शांताराम.

‘दो आँखें बारह हाथ’ १९५७ साली पडद्यावर आला. त्याची प्रार्थना महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत आजही रोज सकाळी म्हटली जाते. त्यामुळे चित्रपट न पाहिलेल्यालाही तो ओळखीचा वाटतो. मात्र जेलर कैद्यांना घेऊन माळावर शेती करायला जातो ही त्यातली कल्पना कुणा लेखकाच्या डोक्यातून निघालेली नाही. ती आधी प्रत्यक्षात घडली होती, आणि तीही आपल्याच माणदेशात.

औंध हे साताऱ्याच्या बाजूचं, सत्तरेक गावांचं छोटं संस्थान. ही गावंही एका जागी नाहीत. काही औंधाभोवती, काही कुंडलकडे, काही थेट आटपाडीच्या कोरड्या पट्ट्यात. गादीवर होते भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. हा राजा जरा निराळाच होता. स्वतः चित्रं काढायचा, कीर्तन करायचा. सूर्यनमस्काराचा तर त्यानं एवढा प्रचार केला की प्रजा चेष्टा करू लागली असेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कारखान्यासाठी जागा दिली ती यांनीच. किर्लोस्करवाडी त्या माळावर उभी राहिली. महाभारताची चिकित्सक आवृत्ती निघावी म्हणून भांडारकर संस्थेच्या मागे लागणारेही हेच.

१९३८ च्या अखेरीस या राजानं आपली सत्ता प्रजेच्या हाती देत असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या वर्षी, १९३९ च्या जानेवारीत, गांधीजींच्या सल्ल्यानं तयार झालेली राज्यघटना लागू झाली आणि गावपंचायतींवर उभा असलेला कारभार सुरू झाला. या सगळ्या खटाटोपात दोन माणसं पुढे होती. एक राजाचे चिरंजीव अप्पासाहेब पंत, विलायतेतून बॅरिस्टर होऊन आलेले आणि पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झालेले. दुसरा मॉरिस फ्रीडमन. हा पोलंडचा ज्यू इंजिनिअर म्हैसूर सरकारच्या विजेच्या कारखान्यासाठी बंगळूरला आला आणि गांधींच्या नादी लागून भगवी कफनी घालून भारतानंद झाला. चरख्याच्या रचनेवर त्यानं डोकं चालवलं. म्हातारपणी मुंबईत खेतवाडीतल्या निसर्गदत्त महाराजांची मराठी प्रवचनं त्यानंच इंग्रजीत आणली आणि ते पुस्तक जगभर गेलं. एका आयुष्यात माणूस किती ठिकाणी सापडावा! त्याच्यावर खरं तर स्वतंत्र लेख व्हायला हवा.

तर या फ्रीडमनच्या पुढाकारानं आटपाडीजवळच्या ओसाड माळावर १९३९ साली एक वसाहत उभी राहिली. संस्थानच्या तुरुंगातले गंभीर गुन्ह्यांचे कैदी तिथे आणून ठेवले. भिंत नाही, तारेचं कुंपण नाही, बंदूकधारी पहारा नाही. जमीन नांगरायची, पिकवायची, खायची. बायकामुलांना आणून संसार मांडायलाही मुभा. नाव ठेवलं स्वतंत्रपूर. तुरुंगाला हे नाव द्यायला धाडस लागतं. इंग्रजांचं राज्य अजून जायचं होतं, दुसऱ्या महायुद्धाचे ढग जमत होते, आणि माणगंगेच्या काठच्या एका आडगावात कुणीतरी खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला सांगत होतं की दार उघडं आहे, जायचं असलं तर जा.

हा माणदेश म्हणजे कायमच्या दुष्काळाचा मुलूख. इथली खिलार जनावरं नावाजलेली, खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेत त्यांचा मोठा बाजार भरतो. पाऊस कमी, पण लेखकांचं पीक उदंड. शंकरराव खरात आटपाडीचे, आणि माडगूळचे दोघे भाऊ, गजानन दिगंबर आणि व्यंकटेश, याच मातीतले. ‘माणदेशी माणसं’ आणि ‘बनगरवाडी’ धाकट्यानं लिहिली. थोरले गदिमा १९१९ साली शेटफळ्यात जन्मले. औंध संस्थानची प्रजा म्हणूनच ते वाढले. स्वतंत्रपूर त्यांच्या घराच्या अंगणातली गोष्ट. गीतरामायणानं १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून त्यांचं नाव घराघरांत नेलं, पण सिनेमाच्या जगात ते त्याआधीपासून मुरलेले पटकथाकार होते. राजकमलसाठी त्यांनी १९४७ चा ‘लोकशाहीर रामजोशी’ लिहिला होता. ‘दो आँखें’ची कथा शांतारामांच्या हाती आली ती गदिमांकडून. आटपाडीच्या माळावरचा प्रयोग परळच्या स्टुडिओत पोचला तो असा, माडगूळकरांच्या मार्गानं.

शांतारामांना ही गोष्ट का भावली असेल याचा अंदाज बांधायला त्यांची मागची तीस-पस्तीस वर्षं पाहावी लागतात.

ते कोल्हापूरचे, जन्म १८ नोव्हेंबर १९०१. पोरवयात काही दिवस गंधर्व नाटक मंडळीत काढले. पुढे हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये काम केलं, तिथल्या पत्र्याच्या शेडमधल्या डेक्कन सिनेमात दारावर उभे राहिले, पाट्या रंगवल्या. मावसभाऊ बाबूराव पेंढारकर यांच्या ओळखीनं बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिरले तेव्हा झाडलोटीपासून अभिनयापर्यंत पडेल ते काम करावं लागे. ‘सिंहगड’मध्ये शेलारमामा झाले. आणि १९२५ च्या ‘सावकारी पाश’मध्ये सावकारानं जमीन गिळल्यावर शहरात गिरणीची वाट धरणारा तरुण शेतकरी. मूकपटांच्या पौराणिक गर्दीत हा चित्रपट वेगळा होता, आणि शांतारामांना नट म्हणून मिळालेलं पहिलं ठसठशीत काम तेच.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्याबरोबर प्रभात सुरू झाली. १९३३ साली ती कोल्हापूरहून पुण्याला आली. प्रभातमध्ये शांताराम कॅमेऱ्याच्या मागेच राहिले. ‘अमृतमंथन’ १९३४ चा. त्याच्या सुरुवातीला राजगुरू झालेल्या चंद्रमोहनचा डोळा पडदाभर दिसतो. टेलिफोटो भिंगानं घेतलेलं ते दृश्य त्या काळच्या प्रेक्षकाला हादरवून गेलं. चंद्रमोहनचे घारे डोळे दंतकथा झाले ते तिथून. म्हणजे एका माणसाच्या नुसत्या नजरेनं दुसऱ्यांना बांधून ठेवता येतं हे शांतारामांना पुरतं ठाऊक होतं. ‘अमृतमंथन’मध्ये ती नजर भीती घालते. तेवीस वर्षांनी हाच दिग्दर्शक नजरेचाच खेळ मांडतो, पण उलट्या बाजूनं. आदिनाथ जेलरचे दोन डोळे सहा खुन्यांना धाक न घालता थोपवून धरतात.

विषयाची निवडही अचानक झालेली नाही. ‘कुंकू’मध्ये म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा, ‘माणूस’मध्ये वेश्येला सन्मानानं जगवू पाहणारा पोलीस शिपाई, ‘शेजारी’त धरणाच्या राजकारणात ताटातूट झालेले हिंदू-मुसलमान मित्र. ‘शेजारी’च्या हिंदी आवृत्तीत तर त्यांनी हिंदू म्हाताऱ्याचं काम मझहर खान यांना दिलं आणि मुसलमानाचं गजानन जागीरदारांना. १९४२ मध्ये प्रभातच्या भागीदारांशी फाटलं, ते मुंबईला आले, वाडिया मुव्हीटोनच्या परळमधल्या जागेत राजकमल उभा केला. आईचं नाव कमल, वडिलांचं राजाराम, त्यावरून राजकमल. पहिल्याच ‘शकुंतला’नं बस्तान बसवलं. मग १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’. चीनमध्ये जखमी सैनिकांची सेवा करता करता १९४२ साली मरण पावलेल्या सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांची ही हकिगत. ख्वाजा अहमद अब्बास यांनी लिहिलेली. कोटणीसांची भूमिका शांतारामांनी स्वतः केली. दुसऱ्यांसाठी झिजून मरणारा माणूस करायला त्यांना आवडत असे, हे इथे एकदा नोंदवून ठेवायला हरकत नाही, कारण आदिनाथही त्याच जातीचा.

गोष्ट थोडक्यात अशी. आदिनाथ हा तरुण नसलेला पण उमेदीचा जेलर वरिष्ठांकडे परवानगी मागतो की तुरुंगातले सहा जन्मठेपेचे खुनी माझ्या हवाली करा, मी त्यांना माळावर नेऊन माणसं करून दाखवतो. परवानगी मिळते, जबाबदारी सगळी त्याच्यावर. सहा जण मोडक्या घरात येतात. दगडाचा माळ फोडतात, विहीर, नांगरट, पेरणी, आणि शेवटी भाजी पिकते. कैद्यांत उल्हास, बी. एम. व्यास, पॉल शर्मा असे दणकट नट होते. हे व्यास म्हणजे गीतकार भरत व्यासांचे धाकटे भाऊ. चंपा ही खेळणी विकत गावोगाव हिंडणारी बाई त्या माळावरून येते-जाते आणि सहा आडदांड गडी तिला पाहून खुळ्यासारखे हसतात. संध्याबाईंनी ही चंपा जोरकस केली आहे, काही ठिकाणी फारच जोरकस.

यातला एक प्रसंग जवळून पाहण्यासारखा आहे. सहा जणांतला जालिया (बी. एम. व्यास) हा धंद्यानं न्हावी. आदिनाथ त्याच्या हाती वस्तरा देतो आणि दाढी कर म्हणून त्याच्यापुढे मान उंच करून बसतो. गळा उघडा. वस्तरा गालावरून खाली येतो. इथे भाषण नाही, पार्श्वसंगीताचा मारा नाही. व्यासांच्या हाताची थरथर आणि शांतारामांचा निवांत चेहरा एवढ्यावर तो प्रसंग उभा आहे. विश्वास ठेवणं म्हणजे काय हे सांगायला दुसऱ्या कुणाला दहा मिनिटांचे संवाद लागले असते. शांताराम बोलपटांच्या काळात मोठे झाले तरी त्यांची तालीम मूकपटाची होती. ती अशा ठिकाणी कामाला येते. कैदी पळून जायला निघतात आणि आदिनाथचे डोळे त्यांना आडवे येतात, हेही त्यांनी चित्रातूनच दाखवलं. आज त्या दृश्याचं तंत्र बाळबोध वाटेल. परिणाम मात्र अजून होतो.

दुसरा प्रसंग बाजाराचा. माळावरची भाजी घेऊन कैदी बाजारात येतात आणि रास्त भावात विकायला बसतात. गिऱ्हाइकांची झुंबड उडते, मंडईवर पकड असलेल्या व्यापाऱ्याचा माल पडून राहतो. तो आधी कैद्यांना दारू पाजून बिघडवतो, मग गुंडांकरवी मारतो. हात उगारायचा नाही असं आदिनाथला वचन दिलेलं, म्हणून सहा खुनी मुकाट मार खातात. समीक्षकांनी या भागावर गांधीवादाचं लेबल लावलं आणि पुढे गेले. पण यातला खलनायक दलाल आहे, याकडे थोडं थांबून पाहायला हवं. शेतकऱ्यानं थेट गिऱ्हाइकाला माल विकला की मधल्याच्या पोटात दुखतं, ही १९५७ ची गोष्ट. बाजार समित्यांचा कायदा महाराष्ट्रात १९६३ साली आला, आणि फळं-भाजीपाला त्या नियमनातून मोकळा व्हायला २०१६ उजाडलं. माडगूळकरांना शेतमालाच्या बाजाराचं दुखणं पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

संगीताबद्दल बोलायचं तर वसंत देसाई शांतारामांकडे कोल्हापूरच्या प्रभातच्या दिवसांपासून होते. पडेल ते काम करत ते संगीतकार झाले, अगदी स्वतः शांताराम पेंटरांकडे घडले तसेच. या चित्रपटात त्यांना ‘झनक झनक’सारखी नाचाची मेजवानी नव्हती. सगळं मोजकं. पहिल्या पावसात नांगरलेल्या रानात नाचणारे कैदी, चंपाची गाणी, आणि ती प्रार्थना. शब्द भरत व्यासांचे, आवाज लताबाईंचा. प्रार्थनेत कुठल्या एका देवाचं नाव नाही, म्हणून ती कुठल्याही शाळेत, कुठल्याही सभेत चालून गेली. हिंदी चित्रपटातल्या गाण्याला असं दुसरं आयुष्य फार क्वचित मिळतं. देसाई आणि शांताराम यांची जोडी मात्र इथून पुढे तशी राहिली नाही; ‘नवरंग’चं संगीत सी. रामचंद्रांकडे गेलं.

आता तो वळू.

चित्रपटाच्या शेवटी व्यापाऱ्याची माणसं पिकात जनावरं सोडतात. आदिनाथ उभं पीक वाचवायला एकटा त्यांच्या पुढे जातो आणि त्यात त्याचा जीव जातो. हे दृश्य शांतारामांनी बदली माणूस न घेता स्वतः केलं. पंचावन्न वर्षांचा माणूस, समोर खरा मस्तवाल वळू. चित्रीकरणाच्या वेळी वळूची धडक बसली आणि डोळ्याला जबर इजा झाली. डोळ्यांवर पट्ट्या बांधून त्यांना बराच काळ पडून राहावं लागलं, आणि दृष्टी परत येईल की नाही याचीच धास्ती होती. ज्या चित्रपटाच्या नावातच दोन डोळे आहेत त्याच्या नायकावर ही वेळ यावी, हे कुणी कथेत लिहिलं असतं तर अतिरेक वाटला असता. दृष्टी वाचली. पट्टीच्या आड काळोखात त्यांना रंगांचे खेळ दिसत राहिले आणि त्यातून पुढच्या चित्रपटाचं बीज पडलं, असं त्यांनी स्वतःच सांगितलंय. तेही खासगीत नाही. १९५९ च्या ‘नवरंग’च्या सुरुवातीला शांताराम पडद्यावर येऊन प्रेक्षकांना ही हकिगत ऐकवतात. एवढी मोठी जाहिरात कुणी आपल्या अपघाताची केली नसेल, असं म्हणून हसू येतं. पण त्या माणसाचा स्वभाव कळायला ती दोन मिनिटं उपयोगी आहेत. जे काही भोगलं त्याचा चित्रपट करायचा, वाया काही घालवायचं नाही.

१९५७ हे वर्ष हिंदी सिनेमात पुन्हा आलं नाही. फेब्रुवारीत गुरुदत्तचा ‘प्यासा’, ऑगस्टमध्ये बी. आर. चोप्रांचा ‘नया दौर’, ऑक्टोबरात मेहबूब खानांचा ‘मदर इंडिया’. या तिन्हींतही या ना त्या रूपानं नव्या देशाचा हिशेब मांडलेला आहे, आणि ‘दो आँखें’तही. राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं ते ‘दो आँखें बारह हाथ’ला. ‘मदर इंडिया’ला गुणवत्ता प्रमाणपत्रावर समाधान मानावं लागलं. दुसऱ्या वर्षी बर्लिनच्या महोत्सवात सुवर्ण अस्वल इंगमार बर्गमनच्या ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’नं नेलं, तर शांतारामांच्या चित्रपटाला रौप्य अस्वलाचं विशेष पारितोषिक मिळालं. कॅथलिक चित्रपट संघटनेनंही त्याला गौरवलं. अमेरिकेत गोल्डन ग्लोबवाल्यांचं सॅम्युअल गोल्डविन पारितोषिक आलं. सत्तरच्या दशकात तमिळमध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी आणि तेलुगूत एन. टी. रामाराव यांनी याच कथेवरच्या चित्रपटांत जेलरची भूमिका केली. दोघेही पुढे आपापल्या राज्याचे मुख्यमंत्री झाले. सहा गुन्हेगारांना नजरेनं माणसाळवणारा नायक राजकारणात असलेल्या किंवा जाऊ पाहणाऱ्या नटाला किती सोयीचा, हे त्या दोघांना बरोबर कळलं होतं.

सगळं गोडगोड बोलायचं कारण नाही. आदिनाथ हा फार स्वच्छ माणूस आहे. त्याला राग येत नाही, शंका येत नाही, थकवाही येत नाही. शांतारामांचा अभिनय मूकपटाच्या वळणाचा, डोळे विस्फारणारा, हात लांब करणारा. तरुण दिलीपकुमार शेजारच्या चित्रगृहात खालच्या पट्टीत बोलत असताना हे वळण तेव्हाच जुनं झालं होतं. शेवटचं मरण तर मला सगळ्यात खटकतं. स्वतंत्रपूरची खरी गंमत अशी की तिथे कुणाला हुतात्मा व्हावं लागलं नाही. जमीन, बी-बियाणं, उघडं दार आणि बायकापोरं एवढ्यावर माणसं राहिली, पळाली नाहीत. त्यात नाट्य नाही, पण तोच त्या प्रयोगाचा पुरावा. चित्रपटाला मात्र नायकाचं रक्त लागतं, आणि त्यानं काय झालं, तर सुधारणा ही असामान्य माणसाच्या बलिदानानं घडते असा समज घेऊन प्रेक्षक घरी गेला. फ्रीडमन आणि अप्पासाहेब पंत यांनी जे साधलं ते साध्या व्यवस्थेनं साधलं होतं. अप्पासाहेबांनी पुढे ‘ॲन अनयुज्वल राजा’ हे पुस्तक लिहून औंधाची हकिगत सांगितली, तीही चित्रपटानंतर तीसहून अधिक वर्षांनी. बर्लिनला टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी आटपाडीचं नाव कुणी ऐकलं असण्याची शक्यता कमीच.

तरीही या चित्रपटाला शांतारामांच्या हिंदी कामात पहिल्या ओळीत बसवावं लागतं. त्यानंतर त्यांना रंगांनी पुन्हा गाठलं. ‘नवरंग’ चालला, गाजला. ‘स्त्री’मध्ये साठीच्या उंबरठ्यावर ते स्वतः दुष्यंत झाले, ‘सेहरा’ वाळवंटात नेला, ‘गीत गाया पत्थरों ने’मध्ये मुलगी राजश्री आणि नवखा जितेंद्र यांना आणलं. देखावा वाढत गेला, गोष्ट पातळ होत गेली. १९७२ च्या ‘पिंजरा’त ते पुन्हा चमकले, पण तो मराठीचा, श्रीराम लागू, निळू फुले आणि संध्याबाई यांचा, राम कदमांच्या चालींचा. हिंदी आवृत्ती काढूनही मराठीची मजा तिला आली नाही. १९८५ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, ३० ऑक्टोबर १९९० रोजी मुंबईत ते गेले, आणि पद्मविभूषण मरणोत्तर जाहीर झालं. त्यांच्या ‘शांतारामा’ या आत्मचरित्रात हे सगळं ऐसपैस आलं आहे, वाचकानं मुळातून वाचावं असं.

औंध संस्थान ८ मार्च १९४८ रोजी भारतात विलीन झालं, राजा १९५१ साली वारला. चित्रपट आला तेव्हा संस्थानही उरलं नव्हतं आणि राजाही. स्वतंत्रपूर वसाहत मात्र बंद पडली नाही. आज ती सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ आहे, महाराष्ट्र कारागृह विभागाच्या खुल्या कारागृहांच्या यादीत तिचं नाव आहे. चांगली वर्तणूक असलेले निवडक कैदी तिथे कुटुंबासह राहतात, शेती करतात. वसाहतीची क्षमता तीस जणांचीही नाही.